बिनरेघेचा जिना

पाय ठेवला तिथे पायरी नव्हती. म्हणजे पायरी होती, पण पावलाला वाटलं त्याहून खाली होती, आणि ती नेमकी कुठे आहे हे साऱ्या जगात एका माणसाला तरी पक्कं ठाऊक असायला हवं होतं, ते म्हणजे तिला. कारण हा जिना तिनेच काढला होता. आधी कागदावर, मग पुठ्ठ्याचा करून टेबलावर, आणि मग दगडाच्या कारखान्यात दिवसदिवस उभं राहून तिने त्याची एकेक लादी बोटांनी चाचपून पास केली होती. तोल गेला, हात आपोआप भिंतीकडे गेला, आणि भिंतीतच कोरून काढलेल्या कठड्याच्या खाचेत बोटं अडकली म्हणून निभावलं. पडता पडता वाचलेलं माणूस आधी काय करतं, तर कुणी पाहिलं का ते बघतं. तिनेही बघितलं. खालच्या दालनात वायरमन शिडीवर पाठमोरा उभा होता, वरच्या दालनात कुणी नव्हतं. तिने न लागलेली धूळ झटकली, स्वतःशीच हसली, आणि पुढची पायरी बघायला मान खाली घातली. खाली जिना नव्हताच. वरपासून तळापर्यंत नुसता पांढरा उतार होता, वाळत घातलेल्या चादरीसारखा सलग. मान जरा कलती केली तेव्हा एक कड कशीबशी दिसली, मग तिच्या खालची दिसली, तोवर पहिली गेली. खाचेतली बोटं न काढता, पावलाने चाचपत चाचपत ती उरलेला जिना उतरली. वायरमनने वळून विचारलं, "ताई, हा दिवा आणखी डावीकडे घेऊ का?" ती म्हणाली, "बघते," आणि तिने बघितलंच नाही.

खोट जिन्यात आहे की डोळ्यांत? एवढा एकच प्रश्न होता, पण त्याने तिची पाचावर धारण बसवली. जिन्यात असेल तर सोमवारी, संग्रहालयाचे दरवाजे लोकांसाठी उघडतील तेव्हा, कुणाची तरी आजी, कुणाचे तरी सासरे, चित्र बघण्याच्या नादात इथून डोक्यावर आपटतील आणि मग छापून येईल ते येईल. ते भयंकर होतं, पण त्यावर इलाज होता: प्रत्येक पायरीच्या कडेला एक काळी पट्टी. आणि डोळ्यांत असेल तर? तर पुढचं वाक्य ती मनातल्या मनातही पुरं करत नव्हती. तोंडचं पाणी पळालेल्या त्या अवस्थेत तिने एक गोष्ट मात्र पक्की ओळखली, की खोट जिन्यातच निघावी असं आपल्याला अगदी आतून वाटतंय. देवा, जिनाच वाईट असू दे. ज्या जिन्यावर तिने आयुष्याची एवढी वर्षं घातली, तो वाईट असू दे. आणि या मागण्याचा सरळ अर्थ कुणीतरी पडू दे असाच होतो, हे कळायला तिला संध्याकाळ झाली.

त्यांच्या ऑफिसात एक रीत होती. तिला सगळे 'किलकिली' म्हणत. दर गुरुवारी काम थांबवून सगळ्या मंडळींनी संग्रहालयाच्या अर्ध्या बांधलेल्या दालनात जायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि डोळे किलकिले करून समोर बघायचं. पापण्या इतक्या मिटायच्या की समोरचं सगळं धूसर व्हावं. मग त्या धूसरपणातूनही जे जे डोळ्यांत घुसेल, त्याच्यावर खडूची फुली मारायची, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत ते तिथून नाहीसं करायचं. परक्या माणसाने येऊन पाहिलं तर त्याला वाटावं, ही सगळी एका रांगेत उभी राहून उन्हाला शिव्या देतायत. पण सरांचा त्यावर जीव होता. सर म्हणजे इमारतीचे मुख्य वास्तुरचनाकार, ती त्यांची इंटिरियर डिझायनर. उंच, वाकलेले, आणि रागावले की आवाज आणखी हळू करणारे. "भिंत दिसली की चित्र हरलं," ते म्हणायचे. "माणसाला आपण एका इमारतीत आहोत हे कळता कामा नये." किलकिलीत आधी दरवाजांच्या चौकटी गेल्या, मग भिंतीच्या तळाची पट्टी गेली, दिव्यांची बटणं गेली, आग विझवायची लाल नळकांडी कोनाड्यात गेली आणि कोनाड्याला पांढरं दार आलं. कठडा भिंतीच्या पोटात गेला. छपराखाली ताणलेल्या पांढऱ्या कापडातून उजेड असा झिरपत आला की सावलीलाही पडायला जागा राहिली नाही. पांढऱ्याचे इतके नमुने भिंतीवर लागले की त्यांना नावं ठेवावी लागली, खडू, कापूस, पीठ आणि आजारी पीठ. शेवटी खडू निवडला तो तिने. दगडही त्याच रंगाचा शोधून आणला तो तिनेच. आणि एका गुरुवारी पायऱ्यांच्या कडांवरच्या काळ्या पट्ट्यांवर फुली मारली, तीही तिनेच. त्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिची किलकिली सगळ्यांत पक्की. तुम्ही डोळे बारीक करता तेव्हा कुठे दिसतं, ही नुसती बघते." सगळे हसले होते. तीही हसली होती, अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं होतं. आता तेच वाक्य आठवलं. नुसती बघते. डोळे बारीक न करता तिला तसंच दिसत होतं का, तेव्हाही?

त्या रात्री घरी तिने स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर उभं राहून एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. टाइल्सच्या रेघा मोजायला गेली आणि उत्तर यायच्या आधीच सोडून दिलं. मग तिने एकेक गोष्ट आठवून तिला सबब द्यायला सुरुवात केली. परवा बाकाचा कोपरा पोटरीला लागला, पण तो बाक नवीन होता, त्याची सवय नव्हती. गेल्या महिन्यात टेबलावरचा पाण्याचा पेला कोपराने पडला, पण पेला कडेला ठेवणाराही शहाणाच. रस्ता ओलांडताना सायकलवाला अंगावर आला, पण तो आलाच उलट्या बाजूने. प्रत्येक गोष्टीला एक गुन्हेगार सापडत होता आणि ती स्वतः दर वेळी निर्दोष सुटत होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं की अर्ध्या तासात कळलं असतं. कळलं असतं म्हणूनच जायचं नव्हतं. भाऊ दरवर्षी जाऊन यायचा आणि फोनवर आठवण करायचा, "तूही जाऊन ये गं, आपल्याकडे आहे ते." ती दरवर्षी हो म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून झाकून बोटं दुखायला लागली की ती उघडायचीही भीती वाटते.

आपल्याकडे आहे ते म्हणजे काचबिंदू. अण्णांना होता. अण्णा, तिचे वडील, बस चालवायचे. हा आजार मोठा लबाड, दुखत नाही, खुपत नाही, समोरचं सगळं जिथल्या तिथे ठेवतो आणि कडेकडेनं कुरतडत येतो, एका रंगातल्या दोन गोष्टींमधली रेघ पुसत येतो. अण्णांनाही समोरची गाडी दिसायची, समोरचा रस्ता दिसायचा. ती लहान होती, सुट्टीच्या दिवशी अण्णा तिला ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवून घेऊन जायचे. केवढा मान वाटायचा. आणि एक खेळ असायचा. "डावीकडे कोण येतंय ते ओरडून सांगायचं," अण्णा म्हणायचे, "चुकलीस तर आऊट." ती काचेला नाक लावून ओरडायची, बाई आली, सायकल आली, कुत्रा आला, कुणी नाही. अण्णा मान न वळवता म्हणायचे, "शाब्बास." पोटभर खेळून ती संध्याकाळी घरी यायची. पुढे डेपोत कधीतरी सगळ्यांचे डोळे तपासले गेले आणि अण्णांना चौकशीच्या खिडकीत बसवलं, तेव्हा ती कॉलेजात होती. तेव्हा एकदम तिला तो खेळ आठवला आणि ती वर्गातून उठून बाहेर गेली, आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिली. इतक्या माणसांनी भरलेली ती बस, आणि डावीकडचं सगळं एका पोरीच्या नाकावर. कुणी मेलं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ते नशीब होतं, आणि अण्णांच्या वाट्याचं नशीब अण्णांनी वापरून संपवलं होतं. तिच्यासाठी काही शिल्लक ठेवलं असेल असं तिला वाटत नव्हतं.

शुक्रवारी ती सकाळपासून जिन्याच्या तळाशी एक नकाशा हातात धरून उभी राहिली. नकाशा दाखवायला होता, ती बघत होती लोकांचे पाय. चित्रं लावणारे दोघं भलामोठा कॅनव्हास आडवा धरून उतरले, पुढचा तर उलटा चालत होता, तरी दोघं गाण्यासारखे ताल धरून आले. दिव्यांचा माणूस उतरला. ग्रंथपाल उतरली, उंच टाचांचे बूट, हातात कॉफी, कॉफीचा थेंब सांडला नाही. झाडू मारणाऱ्या बाई वरून खाली एकेक पायरी पुसत आल्या आणि प्रत्येक कडेवर त्यांचा फडका बरोब्बर वळला. प्रत्येक पायाबरोबर ती आतून म्हणत होती, अडखळ. जरासा अडखळ. फार लागू नये, पण अडखळ. असं आपण म्हणतोय हे ऐकू आलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची, आणि पुढचा पाय दिसला की पुन्हा तेच. दुपारी एक फोटोग्राफर खरंच अडखळला. मधल्या टप्प्याच्या वर त्याचा पाय सटकला, कॅमेरा छातीवर आपटला, आणि त्याने एक सणसणीत शिवी हासडली. तिच्या अंगात आनंदाची लाट अशी काही उसळली की तिला भिंतीला टेकावं लागलं. ती धावत वर गेली. "लागलं का? कड दिसली नाही ना? पांढऱ्यात पांढरं, दिसतच नाही ना?" फोटोग्राफर तिच्याकडे विचित्र नजरेने बघत म्हणाला, "नाही हो मॅडम, मी कॅमेऱ्यात बघत उतरत होतो. माझीच अक्कल." इतक्या प्रामाणिक माणसाचा एवढा राग तिला आयुष्यात आला नव्हता.

सरांना सांगायचं असं तिने दोनदा ठरवलं. पहिल्यांदा गेली तेव्हा सर वरच्या दालनात एकटे बाकावर बसले होते, समोर अजून चित्र न लागलेली भिंत, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "आयुष्यात एकदा तरी असं काही हातून व्हावं," ते म्हणाले, "जिथे एकही फालतू रेघ नाही." त्या माणसाला आता काळ्या पट्ट्यांच्या रांगा सांगायच्या? दुसऱ्यांदा गेली तेव्हा दारापर्यंत जाऊन थांबली. जिना वाईट आहे म्हटलं तर सर विचारणार, कशावरून, आणि दाखवायला तिच्याजवळ एकही अडखळलेलं माणूस नव्हतं. आणि खरं सांगितलं तर? डोळ्यांनी अधू इंटिरियर डिझायनर. हे शब्द एका दमात म्हणून बघितले तर हसूच येतं. पुढची कामं कोण देणार, रंगाचे नमुने कोण दाखवणार, आणि या आधी निवडलेल्या प्रत्येक रंगाकडे लोक मागे वळून संशयाने बघणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती दारातूनच परत फिरली आणि जाताना भिंतीला हात लावून चालली, उगाच गार वाटतं म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं.

शनिवार हा घरच्यांचा दिवस होता. उद्घाटनाच्या आधी ज्यांनी ज्यांनी इथे काम केलं त्यांनी आपापल्या माणसांना आणून दाखवायचं. सुताराची सून कडेवर तान्हं घेऊन आली होती, गवंड्याचे व्याही आले होते, आणि जो तो आपल्या माणसाला आपण केलेला कोपरा दाखवत होता. ती आईला घेऊन आली. आईने आत पाऊल टाकल्या टाकल्या चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या मोठ्या घरात एक खिळा नाही गं? पिशवी कुठे अडकवायची?"

"पिशवी बाहेर ठेवतात, आई."

"आणि बाहेरचं माणूस आत. बरं." आईचे मोतीबिंदू मागच्या वर्षी काढले होते, आणि नवी भिंगं बसल्यापासून तिची नजर घारीसारखी झाली होती. कुणाच्या घरी गेली की आधी छताची जळमटं सांगायची, आणि मग खुशाली विचारायची. इथेही तिने वरच्या दालनात एका काळ्याशार चित्रासमोर उभं राहून उजव्या कोपऱ्यात माशी बसलीय म्हणून सांगितलं, आणि खरंच बसली होती. आणि म्हणूनच, लिफ्ट समोर उघडी असताना, तिने आईला जिन्याकडे नेलं. हे तिने रात्रीच ठरवलं होतं. आईला दिसलं नाही तर कुणालाच दिसणार नाही. आईला दिसलं नाही तर जिना वाईट, आणि सरांकडे न्यायला एक अडखळलेलं माणूस मिळेल. आणि आई पडली तर? मी शेजारी आहे ना, असं उत्तर तिने रात्री दिलं होतं, आणि त्यावर झोपही लागली होती, हे विशेष.

वरच्या पायरीशी आईने तिचा हात धरला होता, सवयीने, जसा रस्त्यावर धरते. गुडघे दुखतात म्हणून आई जिन्यावर नेहमी हात धरायची. तिने आईचा हात सोडला. पर्स नीट करायचं निमित्त केलं, एक पाऊल मागे सरकली आणि म्हणाली, "हो पुढे तू. आलेच मी." आपण आत्ता काय करतोय हे तिला कळत होतं. कळत असूनही तिने डोळे आईच्या पायांवर लावले, आणि काल सगळ्यांच्या पायांना म्हटलं तेच आईच्या पायांना म्हणाली.

आई उतरली. गुडघ्यांमुळे दर पायरीला थांबत, एक हात खाचेत, पण पाऊल दर वेळी जिथे पडायचं तिथेच पडलं. मधल्या टप्प्यावर जाऊन ती वळली. "किती साफ केल्यायत गं पायऱ्या," ती खालून म्हणाली. "एकेक कड अशी उठून दिसतेय. ये ना. थांबलीस का?"

एकेक कड. वरून तिला टप्प्यावरची आई दिसत होती, हिरवं पातळ, चष्मा, हातातला रुमालसुद्धा. आई आणि ती यांच्यामध्ये काही नव्हतं. चादर होती. तिने मान कलती केली, एक कड आली आणि गेली. आई बघत होती. उतरायला हवं होतं. तिने उजवा पाय उचलला आणि हवेत धरला, जरा पुढे नेला, जरा मागे आणला, आणि बोटांनी खाली चाचपलं, पाण्यात उतरताना चाचपतात तसं. दगड लागला. दुसरा पाय त्याच्याशेजारी आणून ठेवला. पुन्हा उजवा उचलला. मान वर केली तेव्हा आईच्या तोंडावरचं हसू गेलेलं होतं.

आई पुन्हा वर आली. त्या गुडघ्यांनी, न थांबता. तिच्या एक पायरी खाली उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हात का सोडलास माझा, ते मला कळलं. ते राहू दे." आईने तिचं मनगट धरलं. आईची बोटंही गार पडली होती. "तुझ्या अण्णांचा पाय असाच पडायला लागला होता. कपात चहा ओतताना बोट आत घालून ठेवायचे. मला दिसत होतं सगळं. पगार थांबेल म्हणून मी त्यांना कधी विचारलं नाही, तुला वेणीफणी करून त्यांच्यामागे बसवून पाठवत राहिले. तू परत येईपर्यंत दारात उभी असायचे. त्यांना नाही विचारलं. तुला विचारते. कधीपासून?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो खेळ तिचा आणि अण्णांचा. सबबी सगळ्या तोंडाशी होत्या, बाक नवीन होता, सायकलवाला उलटा आला, पण आईसमोर एकही उभी राहीना.

"जिना काढला त्याच्या आधीपासून," ती म्हणाली, आणि हे वाक्य आपल्याला पाठ होतं हे पाहून तीच दचकली.

खालून बुटांचे आवाज आले. सर होते, चार पाहुणे बरोबर घेऊन जिना दाखवायला येत होते. "काय, मायलेकी!" त्यांचा आवाज वर आला, आज त्यांचा आवाज मोठा होता, म्हणजे स्वारी खूश होती. "मध्येच मुक्काम? आईंना जिना आवडलेला दिसतो." ते नेमके कुठल्या पायरीवर होते ते तिला कळत नव्हतं. माणसं दिसत होती, पायांखालचं काही दिसत नव्हतं, जणू ती पांढऱ्यातून तरंगत वर येत होती. आईने मनगट सोडलं नाही आणि ओढलंही नाही.

"सर, पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, दालनात घुमला. "काळ्या पट्ट्या परत लावायला हव्यात. सोमवारच्या आत."

पाहुणे थांबले. सर थांबले. मग ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "दिसत नाहीत? आत्ता खालून बघत होतो मी, आई एकट्या उतरल्या, एकट्या वर गेल्या. दोन दिवस इथे शंभर माणसं वरखाली करतायत. कुणाला दिसत नाहीत?"

लोकांना, असं म्हणता आलं असतं. म्हाताऱ्यांना, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. शब्द जिभेवर आयता होता. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे होते, आणि ते तरी तिला अजून स्वच्छ दिसत होते.

"मला," ती म्हणाली.